दहावीची प्रयोग परीक्षा : वहीतला आकडा आणि टेबलावरचा आकडा

आपली मुलगी यंदा राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला बसणार आहे. विज्ञानाच्या लेखी सराव परीक्षांत तिला चांगले गुण आहेत आणि प्रयोगवही पूर्ण व सुवाच्य आहे. मात्र शाळेच्या सराव प्रयोग परीक्षेत बहिर्वक्र (मध्ये फुगीर) भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे लांबच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर मिळते ते, काढताना बराच वेळ खटपट करूनही तिला पडद्यावर प्रतिमा मिळाली नाही. शेवटी तिने प्रयोगवहीतले आकडे आठवून लिहिले, शिक्षकांनी ते ओळखले आणि घरी आल्यावर ती खूप रडली. भिंग नेहमीच्या भिंगापेक्षा चपटे होते आणि मेणबत्ती व पडदा यांत साधारण ५० सेंटिमीटर अंतर होते, एवढे तिने आपल्याला सांगितले आहे. उरलेल्या दोन महिन्यांत घरी काय करता येईल, असा आपला प्रश्न आहे. मी माध्यमिक शाळेत २७ वर्षे विज्ञान शिकवले असून परीक्षक म्हणून इतर शाळांतही बरीच वर्षे गेले आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

प्रथम त्या भिंगाविषयी, कारण तिथे नेमके काय घडले हे तिला समजले तर निम्मी भीती तिथेच जाईल. वर्गात तिने बहुधा १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग वापरले असावे. भिंग जितके चपटे, तितके त्याचे नाभीय अंतर जास्त. परीक्षेतले भिंग १५ सेंटिमीटरचे असेल, असे वर्णनावरून वाटते. आता एक गोष्ट पाठ्यपुस्तकात ठळकपणे येत नाही, पण टेबलावर सर्वांत जास्त त्रास तीच देते: वस्तू आणि पडदा यांच्यातील अंतर नाभीय अंतराच्या चौपटीपेक्षा कमी असेल, तर मधले भिंग कितीही पुढेमागे सरकवले तरी पडद्यावर स्पष्ट प्रतिमा मिळूच शकत नाही. १० सेंटिमीटरच्या भिंगाला ४० सेंटिमीटर पुरतात, त्यामुळे ५० सेंटिमीटरवर वर्गात तिला प्रतिमा सहज मिळत होती. १५ सेंटिमीटरच्या भिंगाला किमान ६० सेंटिमीटर लागतात, आणि म्हणून त्याच मांडणीत परीक्षेत ती मिळणे अशक्य होते. तिचा हात चुकला नव्हता, मांडणी दुसऱ्या भिंगाची होती. हे तिला आवर्जून सांगा.

यावर उपाय एका मिनिटाचा आहे आणि तो प्रत्येक वेळी करायचा. भिंग हातात आले की मेणबत्ती पेटवण्याआधी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ जावे, बाहेरच्या लांबच्या झाडाची किंवा इमारतीची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यावी आणि भिंग व कागद यांतील अंतर पट्टीने मोजावे. हे झाले ढोबळ नाभीय अंतर. सूर्याची प्रतिमा मात्र कधीही घेऊ नये, आणि भिंगातून सूर्याकडे पाहणे तर डोळ्यांना कायमची इजा करणारे आहे. ढोबळ अंतर १५ सेंटिमीटर आले, तर मेणबत्ती भिंगापासून ४५ सेंटिमीटरवर ठेवावी, म्हणजे प्रतिमा दुसऱ्या बाजूला २२.५ सेंटिमीटरच्या आसपास मिळेल. मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर आणली तर प्रतिमाही ३० वर येईल. पडदा कुठे शोधायचा हे आधी ठाऊक असले की हात शांत राहतो.

याच ढोबळ आकड्याचा दुसरा उपयोग गणितात होतो. भिंगाच्या सूत्रात वस्तूचे अंतर ऋण घ्यावे लागते आणि घाईत मुले ते चिन्ह विसरतात. वरच्या उदाहरणात चिन्ह विसरले तर नाभीय अंतर १५ ऐवजी ४५ सेंटिमीटर येते. जिने खिडकीपाशी १५ मोजले आहेत, तिला ४५ हे उत्तर पाहताच खटकते आणि ती मागे जाऊन चूक शोधते. जिने मोजलेले नाही, ती ४५ खाली दोन रेघा मारून मोकळी होते.

प्रतिमा सर्वांत स्पष्ट कुठे आहे हे ठरवणे हेसुद्धा कौशल्यच आहे. पडदा सरकवत नेला की प्रतिमा एकाच ठिकाणी स्पष्ट न दिसता काही मिलिमीटरच्या पट्ट्यात बरी दिसते. एका बाजूने येताना ती जिथे पुसट व्हायला लागते ती जागा आणि दुसऱ्या बाजूने येताना जिथे पुसट होते ती जागा, या दोन्ही बघून मधली जागा घ्यावी. ज्योत हलते, म्हणून पंखा बंद करण्याची परवानगी मागायला संकोच करू नये.

आता आपल्या प्रश्नातल्या खऱ्या दुखण्याकडे येते. तिने वहीतले आकडे लिहिले. असे ती एकटीच करत नाही. परीक्षक म्हणून मी पाहिलेल्या मुलांपैकी पुष्कळांना असेच वाटत असते की प्रयोग म्हणजे पुस्तकातले उत्तर पुन्हा आणून दाखवणे, आणि ते आले नाही तर आपण नापास. माझे सांगणे याच्या अगदी उलट आहे. प्रयोग परीक्षेत तपासले जाते ते हे, की समोर जे आहे ते विद्यार्थ्याला दिसते का, ते तो जसेच्या तसे लिहितो का, आणि अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर का आले याचा विचार करतो का. बाकीची सगळी तयारी या एका सवयीभोवती उभी राहते.

पुण्याच्या एका शाळेत मी तापमानाची नोंद तपासत असताना एका मुलाच्या कागदावर उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश लिहिलेले होते, पण त्याखाली खोडलेला ९८ दिसत होता. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाई, तापमापी ९८ च्या पुढे जाईचना, म्हणून पुस्तकातले लिहिले." त्याची तापमापी बरोबर होती. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते ते समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला; पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि उंची साधारण ३०० मीटर वाढली की उत्कलनांक सुमारे १ अंशाने उतरतो. म्हणजे पुण्यात ९८ हेच योग्य निरीक्षण आहे, महाबळेश्वरला ते ९५-९६ च्या आसपास येईल आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर १०० च्या अगदी जवळ. त्या मुलाने आपले खरे निरीक्षण खोडले आणि त्याबरोबर दाब व उत्कलनांक यांचा संबंध सांगण्याची संधीही घालवली. मला त्याचे फार वाईट वाटले, कारण असे खोडायला त्याला कुणीतरी शिकवले होते.

काचेच्या आयताकृती चिपेचा प्रयोग याच दृष्टीने पाहा. टाचण्या लावून आपाती (काचेत शिरणारा) आणि निर्गत (बाहेर पडणारा) किरण काढायचे, काचेतला अपवर्तित (वळलेला) किरण जोडायचा, कोन मोजायचे आणि अपवर्तनांक, म्हणजे आपाती व अपवर्तित कोनांच्या साइन मूल्यांचे गुणोत्तर, काढायचा. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो हे मुलांना पाठ असते. आपाती कोन ३० अंश घेतला तर अपवर्तित कोन साडेएकोणीस अंशांच्या जवळ येतो. पण कंपासपेटीतला कोनमापक एकेक अंशच दाखवतो. १९ वाचले तर अपवर्तनांक १.५४ येतो आणि २० वाचले तर १.४६. म्हणजे पूर्ण काळजी घेऊनही हा फरक येणारच. एखाद्याच्या कागदावर तिन्ही वेळा नेमके १.५० आले की ते आकडे पाठ असलेल्या उत्तरावरून उलटे मांडलेले आहेत, हे कोणताही अनुभवी परीक्षक ओळखतो. याउलट १.५४, १.४८, १.५१ अशा नोंदी आणि त्यांची सरासरी १.५१ हे काम केल्याचे लक्षण आहे. कोन ६० अंशांचा घेतला तर तीच एका अंशाची चूक उत्तरात साधारण निम्मा फरक पाडते, म्हणून तीन निरीक्षणांत एक तरी कोन मोठा असावा. तोंडी परीक्षेत हे कारण सांगणारी मुलगी मला एकदाच भेटली, आणि तिला मी मनापासून पूर्ण गुण दिले.

या प्रयोगातली हातोटी टाचण्यांत आहे. दोन टाचण्यांत किमान ५ सेंटिमीटर अंतर हवे, कारण जवळच्या टाचण्यांवरून काढलेली रेषा थोडी जरी हलली तरी पुढे बरीच भरकटते. टाचणी ताठ उभी हवी. काचेतून पाहताना टाचण्यांची डोकी एका रेषेत आणू नयेत, पाय आणावेत. टाचणी कललेली असेल तर डोके खोटे सांगते, पाय मात्र कागदावरच असतो. त्यासाठी डोळा टेबलाच्या पातळीपर्यंत खाली न्यावा लागतो आणि खुर्चीवरून उठून वाकावे लागते. मुली गणवेश सांभाळत अर्धवट वाकतात आणि चुकतात. तिला स्पष्ट सांगा की वाकायचे, गुडघे टेकायचे, कुणी काही म्हणत नाही. चीप एकदा ठेवली की तिची कड पेन्सिलीने आखून घ्यायची, म्हणजे धक्का लागला तरी ती पूर्वीच्या जागी ठेवता येते.

रसायनाच्या प्रयोगांत डोळ्यांची शिस्त आणखी लागते, कारण तिथे मोजायला आकडा नसतो. लोखंडी खिळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात टाकला की "निळा रंग जाऊन द्रावण हिरवे झाले" असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात परीक्षेच्या वीस-पंचवीस मिनिटांत खिळ्यावर तांबूस तपकिरी थर चढतो आणि निळा रंग थोडा फिका होतो. हिरवट छटा यायला बराच जास्त वेळ लागतो. तेव्हा "द्रावणाचा निळा रंग फिका झाला" हेच लिहावे. खिळा आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा, आणि तुलनेसाठी त्याच मोरचुदाचे थोडे द्रावण दुसऱ्या परीक्षानळीत खिळ्याविना ठेवावे. दोन नळ्या पांढऱ्या कागदासमोर शेजारी धरल्या की फिकेपणा कुणालाही दिसतो.

याहून बोलका अनुभव ॲल्युमिनिअमचा. क्रियाशीलतेच्या श्रेणीत, म्हणजे धातूंच्या जास्त ते कमी क्रियाशील अशा क्रमात, ॲल्युमिनिअम तांब्याच्या वर आहे, म्हणून मोरचुदात ॲल्युमिनिअमची पट्टी टाकली की लगेच तांबे बाहेर येईल अशी मुलांची अपेक्षा असते आणि तसे लिहूनही टाकतात. पण ॲल्युमिनिअमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो आणि तो द्रावणाला धातूपर्यंत पोहोचू देत नाही. त्यामुळे पंधरा मिनिटे झाली तरी काहीच दिसत नाही, असे बहुतेक वेळा घडते. अशा वेळी "निरीक्षण : ठळक बदल दिसला नाही, संभाव्य कारण : पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर" असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विषय समजला आहे, यात मला तरी शंका वाटत नाही.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. पानाच्या दुकानातला मऊ चुना अर्धा चमचा घेऊन ग्लासभर पाण्यात ढवळावा, रात्रभर झाकून ठेवावा आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावे. ही झाली निवळी. कळीचा चुना मात्र मुलीच्या हाती देऊ नये, कारण पाणी पडताच तो भयंकर तापतो. बाटलीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून येणारा कार्बन डायऑक्साइड वायू बारीक नळीने निवळीत सोडला की ती दुधाळ होते. इथे बहुतेक मुले थांबतात. तिला वायू सोडत राहायला सांगा. बऱ्याच वेळाने तेच दुधाळ पाणी पुन्हा नितळ होऊ लागेल, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शिअम कार्बोनेटचे पाण्यात विरघळणारे बायकार्बोनेट बनते. परीक्षेत कधी वायू जास्त जातो, निवळी दुधाळ होऊन नितळ होते आणि मुले गोंधळून "निवळीवर परिणाम नाही" असे लिहितात. सतत बघत राहिले तर हे होत नाही. नळीचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडू देऊ नये, नाहीतर वायूऐवजी व्हिनेगरच निवळीत जाते. डोळ्यांवर चष्मा असावा आणि वापरलेले ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

परीक्षानळी तापवताना ती तिरपी धरावी, तोंड कुणाकडेही नसावे, आपल्याकडेही नाही, आणि ती ज्योतीत सतत हलती ठेवावी. वास घ्यायचा तर नळी नाकाशी न नेता हाताने हवा आपल्याकडे ढकलावी. पदार्थ थोडाच घ्यावा. हिराकस (फेरस सल्फेट) तापवताना मूठभर घेतला तर हिरवा, मग पांढरट, मग तांबूस तपकिरी असे रंग एकमेकांत मिसळून काहीच नीट दिसत नाही, पाव चमच्यात मात्र सगळे क्रमाने दिसते. या सवयींकडे परीक्षक न बोलता पाहत असतात.

मापनातल्या दोन गोष्टी घरीच पक्क्या करून घ्याव्यात. मोजपात्रातल्या पाण्याची पातळी वाचताना डोळा त्या पातळीशी समोरासमोर आणावा आणि खोलगट वक्राचा खालचा बिंदू वाचावा. तसेच कोणत्याही उपकरणाला हात लावण्याआधी त्याचे लघुतम माप काढावे, म्हणजे दोन मोठ्या अंकांतला फरक भागिले त्यांतील भाग. तापमापीचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला, पण तळाला न टेकलेला असावा आणि ती पाण्यातच असताना वाचावी. बर्फाच्या प्रयोगात बर्फ बारीक फोडून ढवळत राहिले तर सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान शून्याजवळ स्थिर राहते. ढवळले नाही तर ते २-३ अंश वर दिसते आणि सुप्त उष्णतेचा, म्हणजे तापमान न वाढवता बर्फ वितळवण्यात खर्च होणाऱ्या उष्णतेचा, मुद्दाच हरवतो. घरी तापमापी घ्यायची झाली तर प्रयोगशाळेची घ्यावी. तापाची थर्मामीटर गरम पाण्यात फुटते.

विद्युत परिपथाची तयारी घरी फारशी होत नाही, ती शाळेतच मागून घ्यावी. तिथे एवढे पुरे : तारांची टोके घासून घ्यायची, अमीटर एकसरीत आणि व्होल्टमीटर समांतर जोडायचा, शिक्षकांना दाखवल्याशिवाय कळ लावून प्रवाह सुरू करायचा नाही, आणि प्रत्येक नोंदीनंतर कळ काढून प्रवाह थांबवायचा, कारण तार तापली की तिचा रोध वाढतो आणि पुढच्या नोंदी बिघडतात. आलेख काढताना ठिपक्याला ठिपका जोडत जाऊ नये. बहुतेक ठिपक्यांच्या जवळून जाणारी एकच सरळ रेषा पट्टीने काढावी.

सूक्ष्मदर्शकाबाबत सर्वाधिक चूक हवेच्या बुडबुड्यांची होते. काठ जाड, काळा आणि गोल दिसणारा तो बुडबुडा; कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी लांबट असतात आणि विटांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. बुडबुडे टाळायचे तर आच्छादक काच सुईच्या आधाराने तिरपी धरून हळूहळू टेकवायची. आधी कमी शक्तीचे वस्तुभिंग लावायचे, ते बाजूने पाहत काचपट्टीच्या जवळ आणायचे आणि मगच नेत्रिकेतून पाहत वर घ्यायचे. नेत्रिकेत पाहत खाली आणले तर काच फुटते. आकृती जेवढे दिसते तेवढ्याचीच. पुस्तकातली सुबक आकृती काढून तिच्यात हरितलवके (पानांतले हिरवे कण) दाखवली, तर कांद्याच्या पापुद्र्यात ती कुठून आली हे तोंडी परीक्षेत विचारले जाणारच.

प्रयोगवहीविषयी थोडे कठोर लिहिते. एका शाळेत मी परीक्षक म्हणून गेले तेव्हा चाळीस वह्यांत एकाच प्रयोगाचे आकडे दशांश चिन्हापर्यंत सारखे होते, कारण ते फळ्यावरून उतरवलेले होते. दोष मुलांचा नव्हता. आपल्या मुलीची वहीही काही अंशी अशीच भरली गेली असावी. ती आता बदलू नये, पण आजपासून एक साधी, रेघा नसलेली वेगळी वही ठेवावी. तिच्यात तारीख, उपकरणाचे लघुतम माप आणि मोजलेले आकडे थेट पेनाने लिहावेत; चुकले तर एक रेघ मारून शेजारी नवीन लिहावे, खोडरबर वापरू नये. आकड्यापुढे एकक हवेच.

शाळेला विनंती करून परीक्षेआधी दोन-तीन शनिवार प्रयोगशाळा उघडून घ्यावी. मी पाहिलेल्या शाळांत पालकांनी नीट विनंती केली की शिक्षक सहसा तयार होत. त्यांनाही मुलांनी हाताने करावे असेच वाटत असते, त्यांना वेळ मिळत नाही. घरी दर रविवारी दोन तास पुरेत. पहिल्या रविवारी फक्त भिंग : चष्म्याच्या किंवा शालेय साहित्याच्या दुकानातून दोन वेगवेगळ्या नाभीय अंतरांची भिंगे आणावीत, कोणते किती आहे हे तिला सांगू नये आणि तिने दोन्ही मोजून काढावीत. आपण समोर बसावे आणि फक्त एकच प्रश्न विचारावा, "हे असे का केलेस?" दोन महिने हा प्रश्न ऐकला की तोंडी परीक्षेची तयारी वेगळी करावी लागत नाही.

विज्ञानाच्या दोन्ही भागांचे लेखी गुण प्रत्येकी ४० आणि प्रयोगाचे २०, असे मिळून १०० होतात. या २० गुणांसाठी परीक्षेच्या दिवशी तिच्याजवळ टोक केलेल्या दोन पेन्सिली, १५ सेंटिमीटरची आणि ३० सेंटिमीटरची पट्टी, कोनमापक आणि एक हातरुमाल असावा. प्रयोग मिळाल्यावर पहिली पाच मिनिटे तिने काहीही लिहू नये. साहित्य तपासावे, काही तुटके वा कमी असल्यास लगेच सांगावे, लघुतम मापे काढावीत. आणि भिंगच हाती आले, तर तिने सरळ खिडकीकडे जावे.